दहावीचा निकाल आणि पेरणी एकाच हंगामात: मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी पुढची वाट

ज्या घरातून पहिल्यांदाच कुणीतरी दहावीच्या पुढं चाललंय, त्या घरासाठी हे लिहितोय. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलवर मी दहावीचा वर्ग सांभाळतो. दरवर्षी मे-जूनमध्ये तेच प्रश्न घेऊन मुलं येतात, त्यांचे वडील येतात, कधी आजोबा येतात. प्रश्न साधे असतात, पण उत्तर वेळेवर मिळालं नाही तर वर्ष जातं.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. निकाल मे महिन्यात लागतो, प्रवेश जूनमध्ये सुरू होतात, आणि त्याच जूनमध्ये मिरग निघतो. घरातला पैसा सोयाबीनच्या पिशवीत आणि खताच्या पोत्यात जातो, वडील शेतात, आई शेतात. कॉलेजचा निर्णय मग एखाद्या दुपारी घाईघाईत होतो: मित्र गेला तिकडं, किंवा एसटी थांबते तिकडं. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या मुलांच्या संधी जास्त करून गुणांमुळं जात नाहीत. त्या कागदांमुळं, तारखांमुळं आणि वेळेवर कुणी न सांगितल्यामुळं जातात. म्हणून काम निकालाच्या दिवशी सुरू करायचं नाही. पेपर संपले की सुरू करायचं.

एप्रिलमध्ये: कागद

मार्चमध्ये परीक्षा संपते. मेच्या मध्यापर्यंत तुम्ही मोकळे असता आणि सेतू केंद्रावर गर्दी नसते. जूनमध्ये त्याच केंद्रावर रांग लागते आणि सर्व्हर चालत नाही. त्यामुळं एप्रिल हाच महिना.

उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतरच काढा. तो आर्थिक वर्षापुरता, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालतो. फेब्रुवारीत काढून ठेवलेला दाखला जूनमध्ये चालत नाही आणि लोक दोनदा हेलपाटे मारतात. त्यासाठी गावच्या तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल लागतो, तो आधी घ्या. रहिवासी आणि वय-अधिवासाचा दाखला, आरक्षित प्रवर्गातल्यांनी जातीचा दाखला, आणि ज्यांना लागू आहे त्यांनी नॉन-क्रिमीलेयर (घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र), हे अर्ज आपले सरकार किंवा महा ई-सेवा केंद्रावरून एकाच फेरीत टाका. नॉन-क्रिमीलेयरची मुदतही ३१ मार्चलाच संपते, त्यामुळं थोरल्या भावाचं जुनं प्रमाणपत्र हातात असेल तर त्यावरचं साल बघा. कोणत्याच आरक्षणात न बसणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला आहे, तोही तहसीलमधूनच मिळतो.

आधार कार्डाचं काम याच महिन्यात. त्याला मोबाइल नंबर जोडलेला आहे का, आणि तो नंबर आज चालू आहे का, हे तपासा. पुढची दोन वर्षं प्रत्येक अर्जाचा ओटीपी त्या नंबरवर येणार आहे. वडिलांनी कधीतरी घेतलेलं आणि रिचार्ज न केल्यानं बंद पडलेलं सिम आधारला जोडलेलं असतं, असं मी पुन्हा पुन्हा बघतो.

तिसरं काम बँकेचं. खातं विद्यार्थ्याच्या नावावर हवं आणि ते आधारशी जोडलेलं हवं, कारण शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. बँकेत जाऊन नुसतं ‘केवायसी करा’ म्हणू नका. ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग करा’, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हावेत म्हणून खातं आधारशी जोडा, असं स्पष्ट सांगा आणि आठ दिवसांनी झालं का ते विचारून या.

दाखला हातात पडला की तिथंच वाचा

शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, हा तुमच्या आयुष्यातला सगळ्यात जास्त वेळा मागितला जाणारा कागद ठरणार आहे. तो घेऊन घरी जाऊ नका. कार्यालयाच्या दारातच उभं राहून ओळ न् ओळ वाचा. संपूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मगाव आणि तालुका, धर्म, जात आणि पोटजात. अंकी तारीख बरोबर आणि अक्षरी चूक, असं होतं. पोटजातीचा रकाना रिकामा राहतो. आडनावातला एक काना निसटतो.

मग हा दाखला, दहावीचं गुणपत्रक आणि आधार ही तिन्ही शेजारी ठेवा. इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. आधारवर विठ्ठलमध्ये टी दोनदा आहे आणि गुणपत्रकात एकदाच, एवढ्यानं ऑनलाइन अर्ज अडकतो. आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं आहे. गुणपत्रकातली चूक शाळेमार्फत विभागीय मंडळाकडं जाते. आपल्याकडं मंडळं दोन आहेत: लातूर, नांदेड, धाराशिव या जिल्ह्यांसाठी लातूर, आणि छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोलीसाठी छत्रपती संभाजीनगर. शाळेच्या रजिस्टरमधली चूक शाळा सोडल्यावर दुरुस्त करायला फार वणवण होते, म्हणून शाळा सुटण्याआधीच ती चूक गुरुजींच्या लक्षात आणून द्या. संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे आणि आमचं काम आहे.

सगळ्या कागदांचे फोटो स्वच्छ उजेडात काढून एका ठिकाणी ठेवा. गुणपत्रक डिजिलॉकरमध्येही मिळतं.

निकाल मनासारखा लागला नाही तर

कमी गुण पडले आणि पेपर चांगला गेला होता अशी खात्री असेल, तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. ती हातात आल्यावर विषयशिक्षकाला दाखवा, आणि मगच पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही. मुदत थोड्या दिवसांची असते, निकालाच्या दिवशीच तारीख टिपून घ्या.

एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि राहिलेले विषय नंतर सोडवता येतात. त्याहून जास्त राहिले तर पुरवणी परीक्षा त्याच पावसाळ्यात होते, वर्ष वाया जात नाही. काही कारणानं शाळाच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म आहे, खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. नापास झालेल्या मुलाला घरच्यांनी पहिल्या दोन दिवसांत काहीही बोलू नये. त्याला गावात एकटं फिरू देऊ नये, रागावू नये, जेवायला सोबत बसवावं. बाकीचं सगळं तिसऱ्या दिवशी बोलता येतं.

आणि उलट बाजू. २०२५ च्या निकालात राज्यात २११ मुलांना १०० टक्के गुण मिळाले, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली होती. अशा बातम्या वाचल्या की ७८ टक्के मिळवलेल्या मुलीला आपण मागं पडलो असं वाटायला लागतं. तिला सांगा, ७८ टक्क्यांवर जवळजवळ सगळ्या वाटा उघड्या आहेत.

वाट निवडताना

मी मुलांना तीन गोष्टी कागदावर लिहायला लावतो. दहावीत कोणत्या विषयाचा अभ्यास कुणी न सांगता केला? घरातून किती वर्षं शिक्षणाला पाठबळ मिळेल, दोन, तीन, की सहा? आणि निवडलेली वाट मध्येच सोडावी लागली तर हातात काय उरेल? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि शेतकऱ्याच्या घरात तोच महत्त्वाचा आहे. एक दुष्काळ किंवा एक अतिवृष्टी आली तर शिक्षण थांबतं, हे आपण पाहिलेलं आहे.

विज्ञान घेताना टक्के बघू नका, गणित आणि विज्ञानाचे सुटे गुण बघा. भाषांनी वर ओढलेले ८५ टक्के आणि गणितात ५०, असं असेल तर विचार करा. विज्ञान घेतलंच आणि डॉक्टर की इंजिनिअर ते ठरत नसेल, तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. अकरावीला गणित सोडून दिलेल्या मुलाला बारावीनंतर अभियांत्रिकीची वाट बंद असते. कृषी पदवीसाठीही विज्ञानच लागतं, तिचे प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून होतात. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्याच दारात आहे, आणि शेती समजणाऱ्या मुलाला तिथं पुढं जायला वाव आहे. दहावीनंतर थेट कृषी तंत्र पदविकाही करता येते.

कला शाखेबद्दल आपल्याकडं फार हलकं बोललं जातं. ज्याला स्पर्धा परीक्षा, शिक्षकी, कायदा, पत्रकारिता यात जायचंय, त्यानं बिनधास्त कला घ्यावी. अट एकच, वर्गात बसायचं. नाव घालून वर्षभर गायब राहिलेल्या कलाशाखेचा कुणालाच उपयोग होत नाही. वाणिज्यला आकडेमोड आवडणाऱ्यांनी जावं, सीएची परीक्षा गावाकडच्या मुलांनाही देता येते.

आता पॉलिटेक्निक आणि आयटीआय. या दोन वाटांवर मी जास्त वेळ घालवतो, कारण त्या गुण कमी पडलेल्यांसाठी आहेत असा समज गावोगाव पसरलाय आणि त्यानं मुलांचं नुकसान होतंय.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन फेऱ्यांतून, दहावीच्या गुणांवर. शासकीय तंत्रनिकेतनं छत्रपती संभाजीनगर, जालना, अंबड, बीड, जिंतूर, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव इथं आहेत, आणि लातूरला मुलींसाठी खास शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमा झाला की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. म्हणजे बारावी करून जाणाऱ्याला दहावीनंतर जी सहा वर्षं लागतात, तीच यालाही लागतात, पण तीन वर्षांनी हातात नोकरी देणारी पदविका असते. बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, जलसंपदा इथल्या कनिष्ठ अभियंत्याच्या भरतीला स्थापत्य पदविका चालते. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर या वाटेइतकं चांगलं दुसरीकडं मिळत नाही. अडचण इंग्रजीची येते आणि पहिल्या सत्रात गणित जड जातं. शासकीय संस्थेत नंबर लागत असेल तर लांबच्या महागड्या खासगी संस्थेकडं बघूही नका.

आयटीआयला वय किमान १४ लागतं. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर, कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड), डिझेल मेकॅनिक एका वर्षाचे. वेल्डर, सुतारकाम, शिवणकाम यांसारख्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतात. शासकीय आयटीआयची फी खासगीच्या मानानं फार कमी असते. ट्रेड निवडताना जवळ कोणते कारखाने आहेत ते बघा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथं वाहन आणि सुट्या भागांचे कारखाने, तिथं फिटर, टर्नर, मशिनिस्टला मागणी. जालन्यात लोखंड-पोलादाच्या गिरण्या. गावात राहून काम करायचं असेल तर इलेक्ट्रिशियन, वायरमन किंवा डिझेल मेकॅनिक, कारण मोटार, स्टार्टर आणि ट्रॅक्टर प्रत्येक शिवारात आहे. कोर्स झाल्यावर शिकाऊ उमेदवारी नक्की करा. त्यात विद्यावेतन मिळतं, आणि काम खरं तिथंच येतं. दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं, ही गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक आहे.

दोन संस्थांची नावं लिहून ठेवा. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम, जिथं टूल आणि डाय बनवण्याचा डिप्लोमा दहावीनंतर करता येतो, आणि त्याच शहरातली सिपेट, जिथं प्लास्टिक तंत्रज्ञानाचे डिप्लोमा आहेत. दोन्ही केंद्र सरकारच्या, दोन्हींना स्वतंत्र प्रवेश परीक्षा, आणि दोन्हींचे अर्ज अकरावीच्या गडबडीत विसरले जातात. तिसरी संस्था धाकट्या भावासाठी: संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था, सगळे एसपीआय म्हणतात ती. १९७७ पासून ती मुलांना अकरावी-बारावीबरोबर एनडीएची, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या परीक्षेची, तयारी करून देते. तिची प्रवेश परीक्षा दहावीत असतानाच द्यावी लागते, त्यामुळं घरात कुणी नववीत असेल तर आत्ताच सांगून ठेवा. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला आहे.

भरतीची तयारी करणाऱ्यांना एक विनंती. पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं बघून मला अभिमान वाटतो. पण पोलीस भरतीला बारावी लागते, तलाठ्याला पदवी लागते. अग्निवीरला दहावीवर जाता येतं, पण वय साडेसतरा लागतं आणि दहावीत एकूण ४५ टक्के. तेव्हा दहावीनंतर शिक्षण सोडून नुसतं पळू नका. पळा आणि शिका.

लातूरला जायचं का?

हा प्रश्न आठही जिल्ह्यांत विचारला जातो. लातूरनं शिक्षणात जे नाव कमावलंय ते खरं आहे: राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय, तिथला शिस्तीचा अभ्यास आणि सराव परीक्षांची पद्धत यानं खेड्यातली असंख्य मुलं डॉक्टर, इंजिनिअर झाली. नांदेडही आता त्याच मार्गानं चाललंय. ज्याला नीट (वैद्यकीय) किंवा जेईई (अभियांत्रिकी) ही प्रवेश परीक्षा खरोखर द्यायची आहे, ज्याचा विज्ञानाचा पाया पक्का आहे आणि ज्याच्या घरी दोन वर्षांचा खर्च पेलणार आहे, त्यानं जावं.

पण शेत गहाण टाकून, फक्त शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून पाठवू नका. खर्च मोजताना क्लासची फी एवढाच आकडा धरू नका. खोली किंवा वसतिगृह, मेस, पुस्तकं, सराव परीक्षा, जाण्या-येण्याचं भाडं, आजारपण, हे सगळं दोन वर्षांचं एकत्र मांडा आणि मग सोयाबीनच्या किती क्विंटलचा तो पैसा आहे ते बघा. फी भरण्याआधी क्लासमध्ये दोन-तीन दिवस बसू द्या म्हणून विचारा. मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या.

अकरावीचं नाव गावाकडच्या कॉलेजात आणि मुलगा मात्र दिवसभर शहरातल्या क्लासमध्ये, असा प्रकार सर्रास चालतो. त्याला माझा विरोध आहे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या प्रत्येक विषयात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ज्यानं ब्युरेट कधी हातात धरला नाही, त्याला ते गुण कागदावर मिळतीलही, पण पुढं वैद्यकीय किंवा फार्मसीच्या पहिल्या वर्षात तो गोंधळतो. हजेरीचा प्रश्न वेगळाच.

आणि लेकरू तिथं गेल्यावर आठवड्यातून एकदा तरी अभ्यास सोडून दुसऱ्या विषयावर फोनवर बोला. माय काय जेवण केलंस विचारते, ते पुरेसं असतं. पहिल्या सराव परीक्षेत गुण निम्म्यावर आले म्हणून रागावू नका, सगळ्यांचेच येतात.

अकरावीचा ऑनलाइन अर्ज

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीनं होतात. आधी हे मोठ्या शहरांपुरतं होतं, आता तालुक्याच्या कॉलेजसाठीही तिथूनच जावं लागतं. प्राचार्यांना भेटून जागा पक्की होत नाही.

अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात तुमची माहिती आणि प्रवर्ग, दुसऱ्यात कॉलेजांची पसंती. पसंती किमान एक आणि जास्तीत जास्त दहा देता येतात. शक्य असेल तर स्वतःच्या फोनवरून भरा, किंवा शाळेत या, आम्ही भरून देतो. नेट कॅफेवर भरत असाल तर एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा: तिथला माणूस सवयीनं स्वतःचा मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. मग फेरी लागल्याचा निरोप त्याच्या फोनवर जातो आणि तुम्ही शेतात असता. नंबर तुमच्या घरातलाच हवा. लॉगिन आयडी आणि पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहा.

पहिली पसंती फार विचार करून टाका. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं आणि तुम्ही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. म्हणून जिथं खरोखर जाणार आहात, जिथं राहण्याची सोय आणि फी आधी विचारून आलात, तेच नाव वर. यादीच्या तळाला घराजवळचं, नक्की लागेल असं एक कॉलेज ठेवा. तुमच्या शाळेलाच कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर इनहाउस कोटा, म्हणजे त्याच संस्थेच्या मुलांसाठी राखलेल्या जागा, असतो, तो विचारा. कॉलेज अनुदानित (शासनाचं अनुदान असलेलं) आहे की स्वयंअर्थसहाय्यित (विनाअनुदानित, फीवर चालणारं), हे नावासमोर लिहिलेलं असतं. फीचा सगळा फरक त्या एका शब्दात आहे.

आयटीआय, पॉलिटेक्निक आणि अकरावी, तिन्हींचे अर्ज एकाच वेळी भरून ठेवता येतात. भरा. नंतर निवडा.

राहणं, जाणं-येणं, पैसा

ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश दरात पास मिळतो. कॉलेजचा शिक्का लागतो, पहिल्याच आठवड्यात फॉर्म घ्या. मुलींना अनुदानित कॉलेजात बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही.

समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं जिल्ह्याच्या आणि बऱ्याच तालुक्यांच्या गावी आहेत, राहणं-जेवण मोफत. अर्ज निकालानंतर लगेच सुटतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना तिथं जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून अकरावीपासून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात मिळतात, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी बारावीनंतरच्या शिक्षणाला तशीच स्वयं योजना आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं सुरू झाली आहेत. दसरा-दिवाळीला आई-बाप कोयता घेऊन निघतात तेव्हा लेकरू कुणाकडं ठेवायचं, हा प्रश्न बीड-जालन्याकडं जूनमध्येच सोडवावा लागतो. नोव्हेंबरमध्ये धावपळ करून वसतिगृहात जागा मिळत नाही.

मुलींच्या आई-वडिलांशी

दहावी झाली की स्थळं यायला लागतात, मला माहीत आहे. कॉलेज लांब आहे, काळ वाईट आहे, हेही ऐकतो, आणि त्यामागची काळजी खोटी नाही. तरी स्पष्ट सांगतो: १८ वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, आणि दहावी पास मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते. काळजीवर उपाय करता येतो. गावातल्या तीन-चार मुलींनी एकाच कॉलेजात नाव घातलं तर त्या एकत्र जातात-येतात. एसटीच्या वेळा कॉलेजशी जुळत नसतील तर गावकऱ्यांनी आगारप्रमुखांना लेखी अर्ज द्यावा, एकट्या बापाच्या तोंडी विनंतीपेक्षा त्याला वजन असतं. महिला तंत्रनिकेतनासारख्या निवासी संस्था बघून या.

पैशाचा हिशेबही बदललाय. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींचं व्यावसायिक पदवीचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं, प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला असला म्हणजे झालं.

आणि मुली, तुमच्यासाठी. घरात लग्नाची बोलणी जबरदस्तीनं सुरू झाली तर १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंध अधिकारी आहेत. अंगणवाडीताईंना किंवा तुमच्या शाळेतल्या बाईंना सांगितलंत तरी चालेल.

सुट्टीत काय करायचं

मराठी माध्यमातून विज्ञानाला जाणाऱ्यांना पहिला धक्का भाषेचा बसतो. गती, त्वरण, अपवर्तन हे सगळं येत असतं, पण फळ्यावर दुसरेच शब्द येतात आणि हुशार मुलगी गप्प बसते. बालभारतीच्या संकेतस्थळावर दहावीचं विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक फुकट मिळतं. तुमचं मराठी पुस्तक शेजारी ठेवा, रोज एक धडा दोन्हीतून वाचा, आणि प्रत्येक संज्ञा वहीत जोडीनं लिहा. नवीन काही शिकायचं नाही, आलेलंच दुसऱ्या भाषेत ओळखायचं. जूनपर्यंत एवढं झालं तरी वर्गात हात वर करायची हिंमत येते.

कॉलेज सुरू झाल्यावर

महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्या सत्रातच भरा आणि त्याची प्रत कॉलेजच्या कार्यालयात दिलीत याची खात्री करा, कारण कॉलेजनं पुढं पाठवल्याशिवाय तो हलत नाही. बारावीला गेल्यावर तोच अर्ज नूतनीकरण करावा लागतो. पहिल्या वर्षी पैसे आले आणि दुसऱ्या वर्षी आले नाहीत, यामागं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

शेवटचं काम विज्ञान शाखेतल्या आरक्षित प्रवर्गाच्या मुलांचं: जात पडताळणी. बारावीनंतर वैद्यकीय, अभियांत्रिकी, कृषी पदवीला राखीव जागेसाठी वैधता प्रमाणपत्र लागतं आणि ते महिन्या-दोन महिन्यांत होईल या भरवशावर राहता येत नाही. अर्ज अकरावीतच, कॉलेजमार्फत टाका. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे. वडील, सख्खे काका, आत्या यांच्यापैकी कुणाची वैधता झालेली असेल तर ती जोडा, काम फार सोपं होतं. नसेल तर जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या किंवा महसुलातल्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत निघतात. आजोबा कोणत्या गावच्या शाळेत पहिलीला बसले होते, हे आज घरात विचारून ठेवा. त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडं प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागा, तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी नोंद शोधायला अर्ज द्या, आणि उर्दू किंवा मोडी नोंदीचं जाणकाराकडून प्रमाणित भाषांतर करून घ्या. दिवाळीच्या सुट्टीआधी हा अर्ज समितीकडं पोचलेला असावा.